बॉल हातात नसताना तू काय करतोस?

एका तरुण बास्केटबॉल खेळाडूचं पत्र आलं आहे. नाव आणि संघ गाळून, थोडं आटोपशीर करून देतो.

"सर, मी २२ वर्षांचा आहे. उंची सहा फूट आठ इंच, फॉरवर्ड खेळतो. कॉलेजच्या चारही वर्षांत संघात सर्वांत जास्त गुण माझेच असायचे. यंदा पहिला व्यावसायिक करार झाला. आतापर्यंत १४ सामने झालेत. सरासरी सहा मिनिटं मिळतात; चार सामन्यांत तर ट्रॅकसूट उतरवायचीही वेळ आली नाही. कोच म्हणतात, कॉर्नरमध्ये उभा राहा, डिफेन्स कर, रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल) घे. बॉल हातात येतच नाही, मग मी दाखवू काय? आता मला दोन महिने क्लबच्या दुसऱ्या, खालच्या लीगमधल्या संघाकडे पाठवायचं चाललं आहे. एजंट म्हणतो, हा सरळ अपमान आहे, करार मोडू, दुसऱ्या देशात जागा बघतो. घरी फोन केला की बाबांचा पहिला प्रश्न, 'आज किती केलेस?' या प्रश्नाची मला आता धास्ती वाटते. ता. क. : उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली तीन आठवडे दुखतंय. कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर आहेत ती सहा मिनिटंही जातील."

प्रिय मित्रा,

ता. क. पासून सुरू करतो. बाकीचं चार दिवस थांबेल, ते थांबणार नाही.

मीही फॉरवर्डच होतो. पहिल्या मोसमात माझा डावा गुडघा असाच दुखायला लागला, वाटीच्या अगदी खाली, बोटानं दाबलं की नेमकी जागा सापडायची. सकाळी जिना उतरताना त्रास व्हायचा. सराव सुरू होऊन अंग गरम झालं की दुखणं मागे पडायचं आणि रात्री पुन्हा ठणका लागायचा. सरावात दुखत नाही म्हणजे फार काही नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत राहिलो. दोन महिने लपवलं. मग एका सामन्यात साध्या ले-अपला, म्हणजे बास्केटजवळून बॉल घालायला, उडी घेतली आणि खाली आलो तेव्हा पाय टेकवेना. पुढचे नऊ महिने मी कोर्टाबाहेर होतो. ज्या मिनिटांसाठी लपवलं ती गेलीच, आणि माझ्या जागी आलेला मुलगा त्या जागेवर चांगला रुळला. त्यात त्याचा दोष नव्हता, कोचचाही नव्हता. त्यांना मी काही कळूच दिलं नव्हतं.

मी डॉक्टर नाही, पण तू सांगतोस त्या जागी पटेलर टेंडन, म्हणजे वाटीला नडगीशी जोडणारी दोरी, असतो. उड्या मारणाऱ्यांच्या या दुखण्याला 'जंपर्स नी' असंच नाव पडलं आहे. कॉलेजमधून व्यावसायिक संघात आलेल्या मुलांमध्ये ते पुष्कळदा दिसतं, कारण सराव, वजनं आणि प्रवास एकदम वाढतात आणि टेंडनला त्या भाराची सवय व्हायला वेळ लागतो. लवकर कळलं तर बहुतेक वेळा उड्या काही काळ कमी करून, संथपणे जड वजनाचे व्यायाम वाढवत नेऊन ते आटोक्यात येतं. नुसतं पडून राहिल्यानं जात नाही आणि वेदनाशामक गोळी घेऊन खेळल्यानं तर नाहीच. संघाचा फिजिओ याच कामासाठी आहे. उद्या सरावाच्या आधी अर्धा तास लवकर जा, त्याच्या टेबलावर बस आणि बोट ठेवून जागा दाखव. तीन आठवडे झालेत हेही सांग. त्यातला एकही दिवस कमी करून सांगू नकोस.

आता तुझी सहा मिनिटं.

फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनी ४० मिनिटांचा सामना असतो. कोर्टवर एका संघाचे पाच, म्हणजे कोचकडे वाटायला एकूण २०० मिनिटं. पहिले पाच जण त्यातली सव्वाशे-दीडशे सहज खातात. उरलेल्यांत सहा-सात जणांची भूक भागवायची. तुला मिळतात ती सहा मिनिटं म्हणजे साधारण दहा-अकरा वेळा तुमचा हल्ला आणि तितक्याच वेळा बचाव. गेल्या सामन्यातले तुझे ते दहा बचाव तुला आठवतात का? एकेक करून? तू कुठे उभा होतास, स्क्रीन लागला (समोरच्यानं अंग आडवं घालून वाट अडवली) तेव्हा काय ओरडलास, शॉट उडाला तेव्हा तुझं अंग कुणाच्या अंगाला लागलेलं होतं? मला खात्री आहे, हुकलेला एक शॉट तुला लख्ख आठवत असेल आणि बाकीचं धूसर असेल. माझंही तसंच होतं. संघाच्या व्हिडिओ बघणाऱ्या माणसाला जाऊन सांग, मला फक्त माझी मिनिटं कापून दे. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी वही घेऊन बस आणि एकेका बचावापुढे एकेक ओळ लिही. दहा ओळी म्हणजे पंधरा मिनिटांचं काम.

कॉलेजमध्ये तू संघाचा मुख्य स्कोअरर होतास. आता तुझ्या संघातले बाराही जण आपापल्या कॉलेजचे मुख्य स्कोअरर होते. त्यातल्या दोघा-तिघांच्या हातात बॉल राहणार, हे तू येण्याआधीच ठरलेलं आहे. तू जे दाखवायला आतुर आहेस ते संघाकडे आधीच आहे. ज्याची चणचण आहे, ती कामं कोचनं तुला तीन वाक्यांत सांगून टाकली आहेत. बहुतेक नवशिक्यांना एवढं स्पष्ट कुणी सांगत नाही, म्हणून त्या तीन वाक्यांचा राग धरू नकोस.

कॉर्नरचंच घे. तुला ती शिक्षा वाटते, पण तिथली जमीन नीट बघ. फिबाच्या कोर्टवर तीन गुणांची रेषा समोरून बास्केटपासून ६.७५ मीटरवर असते, कॉर्नरमध्ये मात्र ६.६० मीटरवर. म्हणजे तिथला शॉट थोडा जवळचा. पण ती रेषा आणि साइडलाइन यांच्यामध्ये पट्टी उरते फक्त ९० सेंटिमीटरची. तुझ्या मापाचा बूट त्या पट्टीत ठेवला की पुढे-मागे फार जागा राहत नाही. पास आल्यावर पाय जुळवायला जाशील तर एक तर अंगठा रेषेवर पडेल नाहीतर टाच बाहेर जाईल. म्हणून पाय आधीच जुळलेले हवेत, गुडघे वाकलेले, तळवे छातीसमोर उघडे. तुमचा गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणणारा खेळाडू, आत घुसतो तेव्हा तुझ्यावर असलेल्या डिफेंडरला अर्ध्या सेकंदात ठरवावं लागतं, मदतीला आत जायचं की तुला धरून राहायचं. तू ताठ, हात खाली सोडून उभा असलास तर त्याला विचारच करावा लागत नाही, तो आत जातो आणि तुमच्या गार्डची वाट बंद होते. तू तयार उभा असलास तर तो एक पाऊल अडखळतो. त्या एका पावलात गार्डचा ले-अप होतो. गुण त्याच्या नावावर पडतात, पण उद्या व्हिडिओ बघताना कोच थांबतो तो तुझ्यावर. आणि डिफेंडरचं डोकं बॉलकडे वळलेलं दिसलं की बेसलाइननं, म्हणजे बास्केटमागच्या रेषेलगत, आत कापायचं. त्याला तू दिसेनासा झालास तो क्षण तुझा.

डिफेन्समध्ये तुझ्या उंचीच्या मुलांचं घोडं हमखास अडतं ते क्लोजआउटला. मदतीला आत गेलेला तू, पास बाहेर कॉर्नरला जातो आणि तुला शूटरकडे धावायचं असतं. नवीन मुलं शेवटपर्यंत जीव खाऊन धावतात, हवेत झेपावतात, शूटर बॉल नुसता वर करून दाखवतो आणि बगलेतून निघून जातो. पहिलं दोन तृतीयांश अंतर पूर्ण वेगानं काप. उरलेल्यात पावलं छोटी आणि भराभर पडली पाहिजेत, बूट करकर वाजले पाहिजेत. कंबर खाली, एक हात शूटरच्या बॉलवर, पाय जमिनीवर. हे रोज सरावानंतर वीस वेळा कर. कुणीतरी पास देणारा लागेल, बॉलबॉयला विनंती कर, पण कर. मोठ्या अंगाचा फॉरवर्ड नीट क्लोजआउट करायला लागला की कोच त्याला गार्डवर सोडायला धजावतो. एकदा तू दोन-तीन जागांवरचे खेळाडू धरू शकतोस असं त्याला दिसलं की तुला बसवणं त्याला जड जाईल.

गुणांविना काय साधतं, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण ड्रेमंड ग्रीनचं आहे. एनबीए ही उत्तर अमेरिकेतली सर्वांत वरची लीग; तिच्या २०१२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, तो दुसऱ्या फेरीत, ३५व्या क्रमांकावर गेला. कॉलेजची चार वर्षं गाजवून आलेला मुलगा, आणि पहिल्या मोसमात त्याची सरासरी सामन्याला २.९ गुण. गोल्डन स्टेट वॉरियर्समध्ये त्याच्या जागेवर डेव्हिड ली होता, ऑल-स्टार खेळलेला. २०१४ च्या मोसमाच्या तोंडावर ली जखमी झाला, ग्रीन सुरुवातीच्या पाचांत आला आणि पुन्हा निघालाच नाही. त्या मोसमात संघ विजेता ठरला. फेब्रुवारी २०१७ मध्ये मेम्फिसविरुद्ध त्यानं १२ रिबाउंड, १० असिस्ट (गुण करून देणारे पास) आणि १० स्टील (हिसकावलेले बॉल) केले. गुण केले फक्त चार. गुणांत दोन आकडे न गाठता ट्रिपल-डबल, म्हणजे तीन बाबींत दोन आकडी संख्या, करणारा एनबीएच्या इतिहासातला तो पहिला खेळाडू. ली जखमी झाला हे दैव, पण त्या दिवशी ग्रीन तयार होता, आणि ती तयारी दोन वर्षं बेंचवरून उठून मिळालेल्या तुटपुंज्या मिनिटांतच झाली होती.

तुझ्या शॉटविषयी तू काही लिहिलं नाहीस. कॉर्नरमध्ये उभं राहायचं तर तो लागणारच, त्यामुळे एवढंच सांगतो की कुणी शूटिंग कोच तुझा हात बदलू म्हणाला तर लगेच नाही म्हणू नकोस. कवाय लेनर्डनं कॉलेजमध्ये तीन गुणांचे शॉट चारांत एक या प्रमाणात घातले होते. एनबीएतल्या स्पर्स संघाकडे आल्यावर चिप एंगलंड या शूटिंग कोचनं त्याच्या हातातून बॉल सुटण्याची जागा बदलून घेतली आणि पहिल्याच मोसमात हे प्रमाण ३७ टक्क्यांच्या वर गेलं. तिसऱ्या मोसमाच्या शेवटी, २०१४ मध्ये, २२ वर्षांचा लेनर्ड अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. तेव्हा तो तुझ्याच वयाचा होता. हे तुला खिजवायला सांगत नाही. संघात आल्या-आल्या त्यानं आपला शॉट दुसऱ्याच्या हाती सोपवला, त्याचं मला फार कौतुक वाटतं.

आता दुसऱ्या संघाचं. इथे मी तुझ्या एजंटच्या अगदी विरुद्ध मताचा आहे.

पास्कल सियाकम २०१६ च्या ड्राफ्टमध्ये २७वा होता. मूळचा कॅमेरूनचा, बास्केटबॉलकडे वळला तोही उशिरा, सतराव्या वर्षाच्या आसपास. टोरांटो रॅप्टर्समध्ये आला आणि एक मोठा खेळाडू जखमी असल्यानं पहिल्याच सामन्यात सुरुवातीच्या पाचांत उतरला. त्या मोसमात त्यानं एकूण ३८ सामने असे सुरू केले. मग त्याचा खेळ ढेपाळत गेला, फेब्रुवारी २०१७ मध्ये संघानं त्याच जागेसाठी सर्ज इबाकाला आणलं आणि सियाकमची रवानगी खालच्या डी-लीगमधल्या 'रॅप्टर्स ९०५' संघात झाली. तू निदान बेंचवरून खाली जातो आहेस, तो सुरुवातीच्या पाचांतून गेला. किती लागलं असेल मनाला! पण तिथे त्याला जे वर मिळत नव्हतं ते मिळालं. भरपूर मिनिटं, बॉल हातात, चुकायची मोकळीक. ९०५ त्या वर्षी विजेता झाला आणि अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू सियाकम. दोन वर्षांनी, २०१९ मध्ये, त्याला एनबीएचा 'सर्वाधिक प्रगती केलेला खेळाडू' हा पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात त्यानं १७ पैकी १४ शॉट घालून ३२ गुण केले. टोरांटो विजेता झाला.

सगळेच खाली जाऊन वर येतात असं मी म्हणणार नाही. पुष्कळ जण खालीच राहतात, आणि त्यातले बरेच माझ्या ओळखीचे आहेत. जे राहिले त्यांच्यात मी एक गोष्ट वारंवार पाहिली: खाली गेल्यावर ते पुन्हा कॉलेजमधले झाले. रोज पंचवीस शॉट घ्यायचे, डिफेन्स वाऱ्यावर, आणि फोन यायची वाट बघायची. वरच्या कोचला तुझे तीस गुण नको आहेत, त्यासाठी त्याच्याकडे माणसं आहेत. त्यानं सांगितलेली तीन कामं तू तीस मिनिटं, थकल्यावरसुद्धा, करू शकतोस का, हे त्याला बघायचं आहे. बॉल हातात मिळेल तेव्हा खुशाल खेळ, त्यासाठीही तुला पाठवताहेत. फक्त ती तीन कामं सोडू नकोस.

जाण्याआधी कोचकडे दहा मिनिटं माग. 'मला का खेळवत नाही' हा प्रश्न विचारू नकोस. त्याचं उत्तर तो आडवळणानंच देईल. त्याऐवजी असं विचार, "मी कोर्टवर असताना तुम्हाला सर्वांत जास्त धाकधूक कशाची वाटते?" आणि मग गप्प बस. तो जे सांगेल ते त्याच्यासमोरच लिहून घे. मग विचार की खाली असताना कोणत्या दोन गोष्टी तुम्ही बघणार, आणि दर आठवड्याला त्याचा व्हिडिओ कोण बघेल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोघम आलं तर मात्र ते मनात नोंदवून ठेव. खाली पाठवून विसरून जाणारे क्लबही असतात.

एजंटविषयी थोडक्यात. तो वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही, पण नवा करार झाला की त्याला नवं कमिशन मिळतं, तेव्हा 'करार मोड' हा सल्ला त्याच्याकडून आला की जरा थांबून ऐकावा. तुझा करार स्वतः वाच, वकिलाकडून समजून घे. खालच्या संघात असताना पगार तोच राहतो का? जखमी असताना चालू राहतो का? उपचारांचा खर्च कुणाचा? मोसमाच्या मध्यात क्लब तुला सोडू शकतो का, आणि तू सुटायचं म्हटलंस तर किती भरावं लागेल? वाद झाला तर फिबाच्या बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रायब्युनल या लवादाकडे जायची तरतूद आहे का? तूच करार मोडून निघालास तर दुसऱ्या देशात खेळायला आधीच्या देशाच्या फेडरेशनचं लेटर ऑफ क्लिअरन्स, म्हणजे परवानगीपत्र, लागतं आणि ते तिथेच अडकून पडू शकतं. तसं झालं तर तू दोन्हीकडून जाशील, आणि दुखऱ्या गुडघ्यासकट.

परदेशी जाण्यात कमीपणा नाही, हे मात्र आवर्जून सांगतो. पी. जे. टकरला टोरांटोनं २००७ मध्ये पहिल्याच मोसमात, अवघे १७ सामने खेळवून सोडून दिलं. तो पाच वर्षं इस्रायल, युक्रेन, ग्रीस, इटली, जर्मनी असा खेळत राहिला, जर्मनीत बामबर्गबरोबर विजेतेपद मिळवलं, २०१२ मध्ये फिनिक्समार्गे एनबीएत परतला आणि २०२१ मध्ये, ३६ व्या वर्षी, मिलवॉकीबरोबर विजेता झाला. कॉलेजमधल्या स्कोअररचं रूपांतर त्यानं समोरच्या संघाचा सर्वांत अवघड माणूस धरणाऱ्या आणि कॉर्नरमधून तीनचे शॉट घालणाऱ्या फॉरवर्डमध्ये केलं. पण त्याला बाहेर काढलं होतं, तुला नाही. तुला क्लब आपल्याच दुसऱ्या संघात खेळवू म्हणतो आहे. दोन महिने दे. मोसम संपल्यावरही तुझी वही भरलेली आणि मिनिटं रिकामी असतील, तर एजंटला फोन कर आणि मलाही लिही. तेव्हा मी जा म्हणेन.

राहिले बाबा. त्यांच्या प्रश्नावर रागावू नकोस. त्यांनी तुला लहानपणापासून गुण करतानाच पाहिलं आहे. त्यांना खेळातलं तेवढंच दिसतं, कारण सामना बघताना सगळ्यांसारखे तेही बॉलकडे बघतात. पुढचा सामना खालच्या लीगचा असेल आणि तो ऑनलाइन दिसत असेल तर त्यांना आधी फोन कर. सांग, "बाबा, आज पहिला क्वार्टर बॉलकडे बघू नका, फक्त माझ्याकडे बघा. मी कुठे धावतो, कुणाला अडवतो, बॉल उडाल्यावर कुणाला पाठीवर घेतो, ते मोजा." रात्री फोनवर तेच तुला आकडा सांगतील.